स्वानुभवातून मुंबई

प्राचार्या आशालता वैशंपायन यांनी धर्मराज घरतला केबिनमध्ये बोलावलं आणि चक्क बसायला सांगितलं, तेव्हाच त्याच्या मनात पाल चुकचुकली. नवीन पनवेलच्या त्या महाविद्यालयात त्याला हेडक्लार्क होऊन अकरा वर्षं झाली होती. एवढ्या काळात त्या केबिनमधल्या खुर्चीवर तो दोनदाच बसला होता. एकदा तिचा पाय मोडलाय का ते पाहायला आणि दुसऱ्यांदा तो मोडलाच आहे हे मॅडमना पटवून द्यायला.

"घरत, डिसेंबरात आपल्याकडे इंटरनॅशनल कॉन्फरन्स आहे, माहितीये ना?"

"हो मॅडम. मांडववाल्याला सांगून ठेवलंय."

"मांडव कशाला? ऑडिटोरियममध्ये आहे. चौदा फॉरेन डेलिगेट्स येतायत. मधला गुरुवार त्यांना मोकळा. त्यांच्या पिशवीत घालायला एक पत्रक हवंय. मुंबईत काय पाहावं, कसं जावं, काय काळजी घ्यावी. चार पानं. तुम्ही लिहा."

"मी? मॅडम, नेटवर असतं की सगळं..."

"नेटवरून एक ओळ घ्यायची नाही! मागच्या वेळी भूगोलवाल्यांनी घेतली आणि आपल्या पत्रकात चेन्नईचा समुद्र आला. स्वानुभवातून लिहा. तुम्ही मुंबईला सारखे जाता ना? तुमच्या रजेच्या प्रत्येक अर्जावर मुंबईच असते."

ते खरं होतं. धर्मराज राहायला सुकापूरला असला तरी मूळचा जासईचा. वडिलांची भातशेती कंटेनरच्या यार्डाखाली गेली, तिच्या बदल्यात एक भूखंड मिळायचा होता. तो देणारं 'खाडीपट्टा बदली भूखंड कार्यालय' फोर्टातल्या एका दगडी इमारतीत होतं. वडिलांनी नऊ वर्षं तिथे खेटे घातले आणि ते गेले. मग ते खेटे धर्मराजकडे आले. आजवर वारसाहक्काने त्याला तेवढंच मिळालं होतं. गेल्या दहा वर्षांत तो शंभर-सव्वाशे वेळा मुंबईला गेला होता, पण प्रत्येक वेळी कामाने. त्याची उरलेली मुंबई म्हणजे सासऱ्यांच्या मोतीबिंदूचं इस्पितळ आणि मेव्हण्याला दुबईला पोचवताना पाहिलेलं विमानतळाचं कुंपण. गेटवे ऑफ इंडिया त्याने बसच्या खिडकीतून एकदा पाहिलं होतं. मध्ये दुसरी बस आली, त्यामुळे तेही अर्धंच.

हे सगळं मॅडमना सांगणं त्याच्या जिवावर आलं. शिवाय त्याच्या खिशात आठ दिवसांपूर्वी आलेली नोटीस होती. गुरुवार, दहा डिसेंबर रोजी अखेरची सुनावणी. गैरहजर राहिल्यास नस्ती, म्हणजे फाइल, कायमची बंद. एकोणीस वर्षं उघडी राहून काही न झालेली नस्ती बंद झाल्यावर काय होणार, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

"लिहितो मॅडम," तो म्हणाला. "फक्त दहा तारखेची रजा द्या."

"पत्रक चांगलं झालं तर घ्या," मॅडम म्हणाल्या.

कॉन्फरन्सचा विषय होता रांगांचं गणित. माणसं रांगेत किती वेळ उभी राहतात, खिडक्या किती असाव्यात, शेजारची रांग आपल्याहून भरभर का सरकते, याचा आयुष्यभर अभ्यास केलेली मंडळी जगभरातून येणार होती. एवढ्यासाठी माणसं इतक्या लांबून बोलवायची, याचं धर्मराजला नवल वाटलं. पण कॉलेजच्या नवलात आपण पडू नये, हे तो अकरा वर्षांत शिकला होता.

तीन संध्याकाळी बसून त्याने पत्रक लिहिलं. माणूस सरळ होता. जे पाहिलं नाही ते लिहायचं नाही, असं त्याने ठरवलं. गेटवेवर एकच ओळ झाली: 'पाहिले आहे. अर्धे.' पण चार पानं भरायची होती. मग लेखणी आपोआप ओळखीच्या वाटेने निघाली.

'खाडीपट्टा कार्यालय, फोर्ट. इमारत थंड आहे. दुसऱ्या व चौथ्या गुरुवारी लोकांसाठी उघडे. टोकने तीसच असतात, म्हणून सकाळी साडेसातच्या आत पोहोचावे. डाव्या दाराने शिरावे. उजवे साहेबांचे आहे. दाराशी जीवन नावाचे शिपाई असतात. त्यांना नमस्कार करावा, परंतु प्रश्न विचारू नये. पहिल्या बाकावर पंख्याचा वारा लागत नाही, तिसऱ्यावर बसावे. जेवणाची सुट्टी दीडला सुरू होते. ती संपताना लेखकाने अद्याप पाहिलेली नाही.'

इस्पितळाला एक अख्खं पान मिळालं. 'येथे केसपेपरची रांग व औषधांची रांग जिन्याशी एकमेकींना छेदतात. तेथे अनेक जण नकळत रांग बदलतात व पुन्हा केसपेपर काढून बाहेर येतात.' शेवटच्या पानावर सर्वसाधारण सूचना होत्या. 'रांगेत पुढच्या माणसाशी ओळख करावी. मागच्याशी केल्यास तो जागा सांभाळायला सांगून निघून जातो.'

मॅडमनी पहिला परिच्छेद वाचला, शुद्धलेखन उत्तम आहे म्हणाल्या आणि सही केली. इंग्रजी भाषांतराचं काम मोनाली मॅडमकडे गेलं. त्या इंग्रजी विभागात नवीन होत्या. वाचताना त्या दोनदा थांबल्या, पण कॉन्फरन्सचा विषय पाहून त्यांना वाटलं, घरतांनी मुद्दामच विषयाला धरून लिहिलंय. त्यांनी शब्द न् शब्द इमानदारीने उतरवला. चौदा पिशव्यांत चौदा पत्रकं गेली आणि धर्मराजची रजा मंजूर झाली.

गुरुवारी पहाटे दमयंतीने त्याच्या हातात डबा दिला आणि कागदांची पिशवी स्वतः तपासली.

"समदे कागद हायेत ना? मागच्या खेपेला सातबारा इसरले व्हते तुमी."

"हायेत."

"आज नंबर नाय लागला तर?"

"लागंल ना गो. साडेसातच्या आत पोचतोय."

तेवढ्यात फोन वाजला. मॅडम होत्या. "घरत, जाता जाता दोन मिनिटं कॉलेजवर डोकावून जा. समारोपाचा बॅनर उलटा लागलाय."

त्या दोन मिनिटांचे सव्वादोन तास झाले. बॅनर उतरवायला शिडी हवी होती, शिडी रसायनशास्त्रात होती आणि रसायनशास्त्राची किल्ली खारघरला राहत होती. किल्ली येईपर्यंत धर्मराज गेस्ट हाउसकडे फिरकला. वॉचमन म्हणाला, फॉरेनची मंडळी कधीच गेली, पाचलाच कॉलेजची बस काढायला लावली त्यांनी. गेटवे बघायला इतक्या पहाटे! धर्मराजला त्यांच्या शिस्तीचं कौतुक वाटलं.

फोर्टात तो पोचला तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. डाव्या दाराशी जीवन शिपाई दोन्ही हात मागे बांधून उभा होता. धर्मराजने नमस्कार केला. त्या दिवशी मात्र त्याला प्रश्नही विचारावा लागला.

"टोकन?"

"संपले."

"आत्ताच? अहो, एखाददुसरं तरी उरतंच इथं!"

"आज नाही उरले. फॉरेनचं पब्लिक आलंय. पावणेसातला हजर. चौदाच्या चौदा जणांनी मला वाकून नमस्कार केला आणि एकानेही काही विचारलं नाही. मीच घाबरलो."

धर्मराजने आत डोकावून पाहिलं. तिसऱ्या बाकावर, पंख्याखाली, दाटीवाटीने त्याचे पाहुणे बसले होते. मावले नाहीत ते भिंतीला पाठ लावून उभे होते. प्रत्येकाच्या एका हातात टोकन आणि दुसऱ्या हातात त्याचं पत्रक होतं. आपल्या हाताने आपण आपला नंबर घालवला, हे त्याच्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला. शिरल्यावर तो मटकन खाली बसला, तोही पहिल्या बाकावर, जिथे वारा लागत नाही.

"काय रं धर्मा, आज उशीर?" शेजारून ठमाबाईंनी विचारलं. ठमाबाई उरणजवळच्या करंजा गावची कोळीण, धर्मराजपेक्षा दोन वर्षं जुनी अर्जदार. त्यांचं टोकन बावीस नंबरचं होतं.

"टोकन नाय मिळालं, आत्या. आज नाय मिळालं तर फाइल बंद."

"मंग या गोऱ्यांना सांग की. त्यांची कुठं जमीन गेलीय?"

हे धर्मराजला सुचलंच नव्हतं. तो उठून पाहुण्यांकडे गेला. फिनलंडहून आलेले प्राध्यापक केस्किनेन हे त्यांच्यातले सर्वात ज्येष्ठ. उंच, शांत, गळ्यात दोरीने अडकवलेलं वेळ मोजायचं घड्याळ. धर्मराजला पाहताच त्यांनी दोन्ही हातांनी त्याचा हात धरला.

"मिस्टर घरत! तीस वर्षं मी परिषदांना जातोय," ते इंग्रजीत म्हणाले. "प्रत्येक शहरात मला पुतळे दाखवतात. असं पत्रक आजवर कोणी दिलं नाही. दुपारी आम्ही जिन्याशी छेदणाऱ्या रांगा बघायला जाणार आहोत."

धर्मराजने इंग्रजी अर्जातलं जेवढं आठवलं तेवढं वापरून आपली हकिकत सांगितली. आय बेग टु स्टेटपासून सुरुवात केली आणि युवर्स फेथफुलीपर्यंत नेली. मधली एकोणीस वर्षं त्याला नीट सांगता आली नाहीत, पण नोटिशीतल्या पहिल्या अर्जाच्या आणि आजच्या तारखेवर बोट ठेवल्यावर ती कळली.

केस्किनेन गंभीर झाले. रांगेत कोणाला मध्ये घुसू देणं हे त्यांच्या शास्त्रात सर्वात मोठं पाप. त्यांनी बाकीच्या तेरा जणांना जवळ बोलावलं आणि तिसऱ्या बाकाशीच सभा भरली. केस्किनेन यांचं टोकन सात नंबरचं होतं. प्रश्न असा होता की, सात नंबरचा माणूस रांग सोडून गेला आणि रांगेत नसलेला माणूस त्याच्या जागी आला, तर कोणावर अन्याय होतो का? कोणीतरी आकृती काढली. ब्राझीलच्या बाईंनी ती खोडली. पाऊण तासाने मतदान झालं. नऊ विरुद्ध पाच मतांनी धर्मराजला परवानगी मिळाली. जपानच्या गृहस्थांनी आपला विरोध लेखी नोंदवला आणि त्याची प्रत धर्मराजला वाकून दिली.

धर्मराज केस्किनेन यांचं टोकन घेऊन जीवनकडे धावला.

"चालणार नाही," जीवन म्हणाला. "वहीत टोकनासमोर नाव शाईने लिहिलंय. वहीत खाडाखोड झाली तर साहेब मला खोडतील."

एवढं मोठं मतदान फुकट गेलं. धर्मराजचे डोळे भरून आले. बाप रांगेत गेला, आपण रांगेतही नाही, असं काहीतरी त्याच्या मनात आलं.

"आरं, रडतोस कशाला?" ठमाबाई खेकसल्या. "त्याचा नंबर हाय ना? मंग त्यालाच जाऊ दे आत. तू त्याच्या पाठी उभा ऱ्हा. मी नाय का आमच्या सुनिताला पाठी घेऊन जात? बोलायला ती, अंगठ्याला मी."

यात वहीला हरकत घेण्यासारखं काही नव्हतं. जीवनने विचार केला, वहीकडे पाहिलं आणि मान हलवली.

साहेब अकराला टेबलाशी बसले. पहिल्या सहा पाहुण्यांनी आत जाऊन एकेकच प्रश्न विचारला: तुम्ही तासाला किती माणसं निकालात काढता? दर वेळी साहेबांनी वेगळा आकडा सांगितला आणि दर वेळी पाहुण्यांनी तो लिहून घेतला. सातवा नंबर पुकारला गेला तोवर साहेबांच्या कपाळावर घाम होता.

केस्किनेन टेबलासमोर उभे राहिले. त्यांच्या मागे पिशवी छातीशी धरून धर्मराज.

"नाव?" साहेबांनी वहीत पाहून स्वतःच वाचलं. "केस्किनेन. बोला. काय काम?"

"मागे उभे असलेले हे गृहस्थ एकोणीस वर्षं तुमच्या रांगेत आहेत," केस्किनेन म्हणाले. "मी तीस वर्षं रांगांचा अभ्यास करतो. रांगेत माणूस मागून येतो आणि पुढून बाहेर पडतो. ज्या रांगेतून कोणी बाहेरच पडत नाही, तिला आमच्या शास्त्रात रांग म्हणत नाहीत. तिला वस्ती म्हणतात."

त्यांनी गळ्यातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि बटण दाबलं.

साहेबांना विनंत्यांची सवय होती, अर्जांची होती, रडारडीची होती. एकदा तर दारात उपोषणही झालं होतं, तेव्हा ते उजव्या दाराने जेवायला गेले होते. घड्याळाची मात्र त्यांना सवय नव्हती. त्यांनी एकदा काट्याकडे पाहिलं, मग घंटी मारली.

"जासई, घरत. फाइल आणा."

फाइल अकरा मिनिटांत आली. ती कपाटात होती आणि कपाट साहेबांच्या पाठीशीच होतं, पण आणायला माणूस बाहेरून यावा लागला. साहेबांनी पानं चाळली, नकाशा पाहिला, कारकुनाला बोलावून हुकूम सांगितला आणि बाहेर थांबायला सांगितलं. दीडच्या सुट्टीला चार मिनिटं असताना जीवनने एक बंद पाकीट आणून केस्किनेनच्या हातात दिलं. त्यांनी ते तसंच धर्मराजच्या हातावर ठेवलं. तिसरा बाक उभा राहिला आणि टाळ्या वाजल्या. जपानचे गृहस्थही वाजवत होते.

"फोड रं फोड," ठमाबाई म्हणाल्या. त्यांचंही काम त्या दिवशी सुट्टीच्या आधी झालं होतं. त्यांना पुढची तारीख मिळाली होती.

धर्मराजने पाकीट फोडलं. आत भूखंडवाटपाचं पत्र होतं. गोल शिक्का होता, सही होती, भूखंडाचा क्रमांक होता, चतुःसीमा होत्या. आणि वर लाभार्थ्याचं नाव होतं: श्री. आर्तो केस्किनेन, राहणार जासई, तालुका उरण.

धर्मराजने ते तीनदा वाचलं आणि आत धावला. कारकून डब्याचं झाकण उघडत होता.

"अहो, हे नाव..."

"टोकनच्या वहीप्रमाणे आहे. सात नंबरला कोण होतं?"

"ते पाहुणे होते. पण जमीन माझी!"

"मग टोकन त्यांचं का?" कारकून शांतपणे म्हणाला. "दुरुस्तीचा अर्ज करा. लाभार्थी जातीने हजर लागतो."

"लाभार्थी परवा फिनलंडला चाललाय हो!"

"मग आला की या," असं म्हणून कारकुनाने पोळीचा पहिला घास घेतला.

इस्पितळातल्या छेदणाऱ्या रांगा पाहून परतताना कॉलेजच्या बसमध्ये मोनाली मॅडमनी फोनवरून पत्राचं भाषांतर करून सांगितलं, तेव्हा केस्किनेन यांनी वही काढली. मग म्हणाले, मी पुन्हा येईन, म्हणाल तितक्या वेळा येईन, कुठेही सही करीन. ही दुरुस्ती व्हायला साधारण किती काळ लागतो?

"दोन-तीन वर्षं," धर्मराज म्हणाला.

"छान," केस्किनेन म्हणाले. मग धर्मराजचा चेहरा पाहून त्यांनी लगेच वही बंद केली. "तोवर ती जागा बघता येईल का?"

जागा? धर्मराज गडबडला. जागेचा नंबरच आज पहिल्यांदा कळला होता. तेवढ्यात मॅडमचा फोन आला. "घरत, तुम्ही पाहुण्यांबरोबर आहात असं कळलं. रजेवर असून! शाबास. दाखवलंत ना सगळं?"

"हो मॅडम. एक ठिकाण राहिलंय. तेवढं दाखवून आणतो."

बस उरणच्या रस्त्याला लागली. जासई मागे पडली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. भूखंडाच्या नकाशावरून आणि दोन पानटपऱ्यांवर चौकशी करून ते शेवटी पोचले. यार्डाच्या भिंतीपलीकडे रंगीत कंटेनर एकावर एक रचलेले होते. त्या भिंतीखाली कुठेतरी घरतांच्या शेताचा बांध होता. रस्त्याच्या अलीकडे चार सिमेंटच्या खुणा होत्या आणि त्यांच्यामध्ये गुडघाभर गवत. एवढीच जागा. दोन बकऱ्या चरत होत्या.

चौदा पाहुण्यांनी फोटो काढले. ब्राझीलच्या बाईंनी मोठ्या पावलांनी लांबीरुंदी मोजली. धर्मराज रस्त्यावरच उभा राहिला. एवढी वर्षं कागदावर पाहिलेली वस्तू अशी समोर गवतासकट पसरलेली पाहून त्याला आत पाऊल टाकवेना. वडील असते तर आधी वाकून माती हातात घेतली असती, एवढंच त्याला वाटत होतं. फोन वाजला. दमयंती होती.

"मिळाला का?"

"मिळाला."

"नावावर?"

"झाला नावावर."

"देवा रे!" दमयंती रडायला लागली. कोणाच्या नावावर, हे विचारायचं तिला सुचलं नाही आणि सांगायचं त्याला जमलं नाही. घरी गेल्यावर सांगू, असं म्हणत त्याने फोन खिशात टाकला.

बाकीचे पाहुणे आत शिरले तरी केस्किनेन सिमेंटच्या खुणेपाशीच थांबले होते. पत्र त्यांच्या नावाचं होतं आणि ते नियमाचे पक्के होते. त्यांनी बूट काढून बाजूला ठेवले, आत दोन पावलं टाकली, मागे वळले आणि यजमानाच्या अदबीने हात पुढे करून धर्मराजला म्हणाले,

"प्लीज, कम इन."

धर्मराजने चपला काढल्या. "थँक्यू सर," तो म्हणाला आणि आत गेला.